चित्रासोबत काय द्यावं: निवेदन, मजकूर की दोन्ही?

स्क्रीनवरच्या धड्यात आकृती आली की तिचं स्पष्टीकरण बोलून द्यायचं, लिहून द्यायचं, की बोलायचं आणि तेच शब्द खाली दाखवायचे, हे ठरवावं लागतं. तिसरा पर्याय सर्वांत सुरक्षित वाटतो, पण बहुतेक वेळा नुकसान त्यानेच होतं.

चित्र आणि मजकूर, दोन्ही डोळ्यांनाच टिपावे लागतात. वाचत असताना अॅनिमेशन पुढे सरकतं आणि नेमकी हालचाल निसटते. निवेदन कानावाटे येतं, त्यामुळे नजर चित्रावर राहते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि रोक्साना मोरेनो यांनी १९९८मध्ये आकाशातली वीज कशी तयार होते आणि गाडीचा ब्रेक कसा चालतो, हे अॅनिमेशनने शिकवून पाहिलं. निवेदन ऐकणाऱ्यांनी मजकूर वाचणाऱ्यांपेक्षा नव्या प्रश्नांचीही उत्तरं चांगली दिली.

निवेदनाला तेच शब्द जोडले की नजर पुन्हा अक्षरांकडे जाते. वाचन बोलण्यापेक्षा वेगाने होतं, म्हणून ऐकलेलं आणि वाचलेलं जुळवण्यातही लक्ष खर्च होतं. मात्र नुसतं चित्राशेजारचं दोन-तीन शब्दांचं लेबल असेल, तर ते उपयोगीच पडतं.

तरीही सगळीकडे निवेदन चालत नाही. बोललेलं वाक्य हवेत विरतं. सूत्र, आकडेमोड, आज्ञावली किंवा लांबलचक वाक्यं पुन्हा पाहावी लागतात. तिथे मजकूरच हवा. तो आकृतीच्या तळाशी न देता ज्या भागाबद्दल आहे त्याला चिकटून द्या, नाहीतर नजर दोन्हींमध्ये हेलपाटे घालते. धड्याची भाषा शिकणाऱ्याला परकी असेल किंवा त्याला कमी ऐकू येत असेल, तर पूर्ण सबटायटल द्यायलाच हवीत. ती बंद-चालू करता आली पाहिजेत. शिकणारा स्वतःच्या गतीने थांबत-थांबत जाणार असेल, तर निवेदनाचा फायदा बराच कमी होतो.

अॅनिमेशन आपोआप चालणारं आणि विषय नवखा असेल, तर निःसंकोच निवेदन निवडा. एका टप्प्यात एकच बदल दाखवा, निवेदन त्याच क्षणी येऊ द्या, टप्पा संपला की ‘पुढे’ बटण द्या. पार्श्वसंगीत काढून टाका.

चाचणी घेताना ‘आवडलं का’ विचारू नका. त्या उत्तरावरून समज कळत नाही. ब्रेकचा धडा असेल तर विचारा: पेडल दाबलं, तरी गाडी थांबली नाही, कुठे बिघाड झाला असेल?