‘बोटं दुखणारच’ म्हणत गळ्यात मारलेली गिटार

नवशिक्याला गिटार विकताना काही दुकानदार एक वाक्य हमखास वापरतात: ‘सुरुवातीला बोटं दुखणारच.’ ते खरंही आहे. पोलादी तारांवर सगळ्यांचीच बोटं दुखतात. पण याच खऱ्या वाक्याच्या आडून माझ्या भाचीला न वाजणारी गिटार विकली गेली. मुलांसाठी पहिली गिटार घ्यायला निघाला असाल, तर हे आधी वाचा.

भाचीची दहावी संपली होती, शिकायची हौस दांडगी. पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत काळी गिटार काढली आणि दोन-तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) झोकात वाजवून दाखवल्या. ‘टॉप (पुढची फळी) अख्ख्या लाकडाचा आहे, नेकमध्ये (दांडीत) लोखंडी रॉड आहे, कधी वाकणार नाही,’ असं म्हणत त्याने खुंट्यांजवळच्या छोट्या प्लास्टिकच्या झाकणावर बोट ठेवलं. किंमत ४,८०० रुपये, वर बॅग, पट्टा आणि पिक ‘आमच्याकडून’. भाचीने तार दाबून पाहिली आणि म्हणाली, फार कडक आहे. लगेच उत्तर तयार: ‘अगं, कडक गिटारवर शिकलीस की पुढे कुठलीही वाजवशील.’ पक्कं बिल मागितलं, तर चिठ्ठीवर आकडा लिहून हातात दिला.

पोरगी जिद्दीने बसायची. बोटांना फोड आले, तरी साधा सी कॉर्ड स्वच्छ वाजेना आणि एफ तर लांबच. ‘मला जमणारच नाही मामा,’ असं ती म्हणायला लागली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण या वाक्याचा राग मला अजून येतो.

क्लासच्या सरांनी एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं. त्याने पट्टी लावली: बाराव्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांडीवर) जाड तार फ्रेटपासून साडेचार मिलिमीटर वर. तिथे साधारण अडीच, बारीक तारेला दोनच्या आसपास असेल तर नवख्या हाताला बरं पडतं. मग त्याने ते झाकण उघडलं. दोन स्क्रू निघाले आणि खाली कोरं लाकूड! ना रॉडसाठी भोक, ना रॉड फिरवायचा नट. साउंडहोलमधून (पुढच्या गोल भोकातून) आतही पाहिलं, तिथेही काही नाही. तारांच्या ताणाने नेक पुढे वाकली होती आणि रॉडच नसल्यामुळे ती सरळ करायची सोय नव्हती. साउंडहोलच्या कडेला प्लायचे थर उघड दिसत होते. प्लायचा टॉप वाईट असतो असं नाही, यामाहाची एफ३१० तशीच आहे आणि शिकायला चांगली आहे. पण अख्खं लाकूड सांगून प्लाय विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

दुकानात जाताना खिशात छोटी पट्टी आणि मोबाइलवर ट्यूनर ठेवा. बाराव्या फ्रेटवरचं अंतर स्वतः मोजा. मग मोकळी तार सुरात लावून तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरने तोच स्वर दाखवला पाहिजे. आमच्या गिटारवर तो चांगलाच चढा यायचा, म्हणजे कितीही रियाझ केला तरी बेसूरच. रॉड आहे म्हणाले, तर झाकण उघडून दाखवायला सांगा. काही गिटारींत त्याचा नट साउंडहोलच्या आत असतो, तिथेही बघा. पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागत असेल, तर खुंट्यांजवळ तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या (तिलाही नटच म्हणतात) खाचा उथळ आहेत. चांगला दुकानदार त्या घासून देतो, दहा नंबरच्या हलक्या तारा चढवून देतो. आणि वाजवून बघायचं ते शिकणाऱ्यानेच. दुकानदाराच्या सरावलेल्या बोटांना कडक गिटारही वश असते.

गिटार परत न्यायला गेलो, तर ‘विकलेला माल परत नाही, तीन हजार अजून टाका, दुसरी देतो.’ मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयने पैसे दिल्याची नोंद होती, ती जोडली. त्यानंतर दुकानदाराचाच फोन आला. बॅग आणि पट्ट्याचे म्हणून ६०० कापून उरलेले पैसे त्याने परत केले. ती गिटार मात्र आमच्यासमोरच पुसून पुन्हा विक्रीला लावली, आणि प्लास्टिकचं झाकण जागच्या जागी होतं.