गुलमंडीतले काळे मनुके आणि आमचा होळीचा सण

आम्हा बेने इस्राएल लोकांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरी पुरीमला (राणी एस्तेरने हामानच्या कटातून ज्यूंना वाचवल्याच्या सणाला) पूर्वापार ‘होळीचा सण’ म्हणतात, कारण ज्यू पंचांगातील अदार महिन्याची चौदावी तिथी आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा मागेपुढेच येतात. २०२५ मध्ये तर १४ मार्चला पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी आली. त्या दिवसाच्या जेवणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी भागातील एका सुकामेव्याच्या दुकानातून मी अर्धा किलो काळे मनुके घेतले, त्यांचा हा अभिप्राय. मनुके भिजवून केलेले सरबत हे आमच्या समाजात वाईनच्या जागी चालत आलेले पेय आहे, आणि त्या वर्षी घरात त्याखेरीज दुसरे काहीही येणार नाही असे मी ठरवले होते.

त्याला कारण माझा भाचा. तो इस्राएलमध्ये येशिव्यात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकतो, आणि आजीच्या आजारपणामुळे त्या वर्षी सणाला आमच्याकडे होता. आदल्या वर्षी पुरीमच्या संध्याकाळी त्याला सलाईन लावावे लागले होते. मुले गटागटाने घरोघरी नाचत जातात, विद्यालयासाठी देणगी मागतात आणि यजमान कौतुकाने प्याला पुढे करतो, ही तिकडची रीत. “आत्या, बाटली कोणीच हातात देत नाही, प्रत्येक जण एकच प्याला देतो,” असे तो म्हणाला. दहा घरे झाली की त्या एकाचे दहा होतात आणि मोजणारे कोणी नसते. त्यातच राणी एस्तेरच्या नावाचा उपास पुरीमच्या आदल्या दिवशीच झालेला असतो, त्यामुळे रात्री उपास सोडून लगेच पिऊ लागलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ते किती चढत असेल, हे सांगायला वैद्य नको.

वडीलधारी माणसे यावर तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील रावा नावाच्या पंडिताचे वचन पुढे करतात: हामानला शाप आणि एस्तेरचा पालक मोर्दखय याला आशीर्वाद यांतला फरक कळेनासा होईपर्यंत प्यावे. पण त्याच पानावर पुढे पुरीमच्या मेजवानीत नशेत रब्बा नावाच्या दुसऱ्या पंडिताने रब्बी (धर्मगुरू) झेराचा गळा चिरल्याची आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेने त्याला उठवल्याची गोष्ट आहे; पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण आले तेव्हा झेराने, दर वेळी चमत्कार घडतोच असे नाही, असे म्हणून नकार दिला. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोव्हचे धर्मशास्त्री मोझेस इस्सर्लिस यांनी तर नेहमीपेक्षा थोडे जास्त पिऊन झोपी जावे, एवढ्यानेही भागते, अशी वाट दाखवून ठेवली आहे. झोपलेल्या माणसाला शाप आणि आशीर्वाद कुठले कळणार? ही दुसरी वाट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगणारे शिक्षक भाच्याला अजून भेटलेले नाहीत, याचे मला नवल वाटते.

आता मनुक्यांकडे वळते. पहिल्या खेपेला दुकानदाराने जुना माल दिला होता. मनुके खडखडीत वाळलेले होते आणि चिमटीत दाबले तरी ओल येत नव्हती. मनुक्यांच्या वाईनविषयी आमच्या धर्मशास्त्राची अट नेमकी हीच आहे: दाबल्यावर रस सुटला पाहिजे. मी पुडी परत नेली तेव्हा “सरबतालाच हवेत ना ताई, मग काय फरक पडतो?” असे ऐकवून त्याने आधी पिवळे बेदाणे दाखवले. बेदाण्यांना गंधकाची धुरी दिलेली असते आणि तो वास पाण्यात उतरतो, म्हणून मी ते नाकारले. मग आतल्या डब्यातून आलेले मनुके मात्र उत्तम निघाले. ते मोठे, बियांचे आणि बोटांना चिकटणारे होते. दर तेव्हा अर्ध्या किलोला २४० रुपये होता. काड्या थोड्या होत्या, खडे मुळीच नव्हते.

कोमट पाण्यात धुऊन रात्रभर भिजवले, सकाळी हाताने कुस्करले आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढले, तेव्हा पिकल्या जांभळाच्या रंगाचा दाट रस उतरला. साखर लागली नाही. फार गार केले तर गोडी दबते आणि तळाशी गाळ बसतो, म्हणून वाढण्यापूर्वी ढवळावे लागते. शुक्रवार असल्याने सणाचे जेवण दुपारच्या आत उरकले. त्याआधी भाच्याने एस्तेरची कथा वाचली, हामानचे नाव आले की आम्ही ताटावर लाटणे आपटले आणि बाहेर रंगलेली पोरे ‘आत काय चाललंय’ म्हणून फाटकातून डोकावून गेली. भाच्याने चार पेले घेतले आणि दुपारी तासभर शांत झोपला. संध्याकाळी शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) लागताना पेल्यावर म्हणायच्या किद्दूश या प्रार्थनेला त्याच सुरईतले सरबत पुरले.

२०२५ मध्ये १२ एप्रिलला पेसाहची, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाची पहिली रात्र होती आणि त्या रात्री प्रत्येकाला चार पेले लागतात, तेव्हा दीड किलो मनुके मी लगेच सांगून ठेवले होते. या खेपेला दुकानदाराने पुडी बांधण्याआधी स्वतःच दोन मनुके दाबून दाखवले.