युरिया क्रीम की पेट्रोलियम जेली? लॅमेलर इक्थिओसिसवाल्यांनी रोज काय लावावं

लॅमेलर इक्थिओसिस, म्हणजे जन्मापासून अंगभर जाड खवले धरणारा आपला कातडीचा आजार, मलमाने बरा होत नाही हे सगळ्यांना माहितीये. दोष जीनमध्ये आहे, बऱ्याच जणांमध्ये टीजीएम१ नावाच्या जीनमध्ये, आणि तो आहे तिथेच राहणार. त्यामुळे कुठलं औषध जास्त भारी यापेक्षा आयुष्यभर रोज दोन वेळा कंटाळा न करता काय लावाल हा खरा प्रश्न. मी दोन्ही भरपूर वापरलंय, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, नुसता अनुभव सांगतोय.

जेलीचं आधी सांगतो, कारण तिची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. ती झोंबत नाही, वास नाही, आत पाणीच नसल्यामुळे प्रिझर्वेटिव्ह नाही, भेग असो की सोललेली जागा, कुठेही बिनधास्त लावा. फक्त ती स्वतः ओलावा देत नाही, असलेला उडून जाऊ देत नाही एवढंच, म्हणून आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच लावायची. आणि घरात बाळ असेल, विशेषतः कोलोडियन बेबी म्हणून, म्हणजे अंगभर घट्ट चकचकीत पापुद्रा घेऊन जन्मलेलं, तर ही तुलना तुमच्यासाठी नाहीच. त्या कातडीतून लावलेलं बरंच काही रक्तात जातं, तिथे युरिया आणि सॅलिसिलिक ॲसिड दोन्ही स्वतःच्या मनाने लावायचं नाही, साधं जेलीसारखंच काहीतरी आणि डॉक्टर सांगतील तसं.

मग मी का सोडली? गोळ्यांमुळे. म्हणजे औषधाच्या नाही, खपल्यांच्या. जेली खवले मऊ करते पण ते सुटून पडत नाहीत, अंगालाच चिकटून राहतात, मग कॉलर घासली की मानेवर, बाही घासली की कोपरावर त्यांच्या वळ्या होतात, त्यात कपड्याचा बारीक धागा, धूळ, केस, सगळं अडकतं आणि दुपारपर्यंत करड्या रंगाचे छोटे छोटे गोळे तयार. सकाळी स्वच्छ आंघोळ करून निघालेला माणूस चार लोकांत न धुतल्यासारखा दिसतो. कोरडे खवले पांढरे पडतात ते लोकांना निदान कोंडा वाटतात, हे गोळे मळ वाटतात, आणि प्रत्येकाला थांबवून काय सांगणार? कुणाला ही क्षुल्लक तक्रार वाटेल, वाटू दे, माझा निर्णय तिथेच झाला.

युरिया इथे वेगळं वागतो. १० टक्क्यांच्या आसपास मुख्यतः ओलावा धरतो, २० च्या पुढे खवल्यांची पकड सैल करतो, ४० चं टाचा-तळव्यांसारख्या जाड जागांसाठी. आंघोळीत मऊ कपड्याने हलकं पुसलं की बरेचसे खवले तिथेच निघतात, शर्टात येत नाहीत. पण झोंबतो, खोटं कशाला बोलू. भेगेवर लागला तर डोळ्यात पाणी येतं. ज्यांची खालची पापणी ओढली गेलीये त्यांनी डोळ्यांच्या जवळपास लावूच नये. जुन्या ट्यूबला कधी कधी अमोनियाचा वास येतो, युरिया फुटायला लागल्याची खूण, ती सरळ टाकून द्या.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्याला घाम नीट येत नाही, अंग तापतं, आणि जेलीचा जाड थर असला की मला जास्तच गुदमरल्यासारखं होतं. सगळ्यांना होईल असं नाही. आगीची काळजी मात्र दोन्हीत घ्या, क्रीम असो की जेली, ती मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेटतात आणि धुऊनही ते पूर्ण जात नाही, गॅसपाशी सांभाळून.

खवले कमी करायला पोटात घ्यायच्या ॲसिट्रेटिनच्या गोळ्या हा वेगळा विषय, लिपिड आणि लिव्हरच्या टेस्ट, बायकांना तर बंद केल्यावरही तीन वर्षं गरोदरपण टाळायचं, ते डॉक्टरांशी बसून बोला.

माझ्यापुरतं सांगायचं तर अंगभर युरिया, आणि जिथे भेग पडलीये तेवढ्याच जागी ती भरेपर्यंत जेली. तुमची स्किन फारच फुटत असेल तर कदाचित उलटं बरं पडेल. ठरतच नसेल तर एका हाताला हे, दुसऱ्याला ते असं पंधरा दिवस लावून बघा, आणि लावल्या लावल्या कुठला हात जास्त चमकतोय ते बघू नका, संध्याकाळी शर्टाच्या दोन्ही बाह्या उलट्या करून बघा.