करडई का तीळ, घाण्यावर काय परवडतं?

चोपडा-अमळनेरकडे हल्ली लाकडी घाणा टाकायचा म्हटला की पोरं डायरेक्ट मशीनचा रेट विचारतात, पण खरा हिशोब बियाणात किती तेल आहे तिथून सुरू होतो. तिळात साधारण 45-50 टक्के तेल, करडईत 28-32, आणि घाण्यात थोडं पेंडीतच राहतं, म्हणून तिळाचं क्विंटलमागं 40 किलो आणि करडईचं 25 धरा.

2024 ला जाहीर झालेले हमीभाव घेतले तर तीळ 9,267 आणि करडई 5,940 रुपये क्विंटल, म्हणजे एक किलो तेलासाठी नुसत्या मालाचा खर्च तिळाचा 232 आणि करडईचा 238 च्या आसपास! स्वस्त दिसणारी करडई इथंच फसवते ना भाऊ. त्यात टरफल जाड, पेंड चोथ्यासारखी, तिळाच्या पेंडीसारखा भाव येत नाही. पेंड विकली नाही तर घाणा चालत नाही, हे कोणी सांगत नाही.

मग तीळच घ्यावा? थांबा. चांगला पांढरा तीळ संक्रांतीच्या अन् मिठाईवाल्यांच्या बाजारात असाच उचलला जातो, खुल्या बाजारात भाव चढला की गाळणं नुकसानीचं, बारीक-डागी माल मिळाला तरच गाळा. तेल मात्र टिकतं, करडईचं लवकर खवट होतं, त्यामुळे ते ऑर्डरप्रमाणेच काढायचं.

आपल्या काळ्या जमिनीत रब्बीला कमी पाण्यावर करडई येते, काट्यांमुळे जनावरं शिरत नाहीत. घरची करडई असेल तर माझं मत करडईलाच, विकत घेऊन नाही.