क्रिस्टल स्कल की डायल ऑफ डेस्टिनी? एकच रात्र हाताशी असेल तर

इंडियाना जोन्स या साहसी पुरातत्त्वज्ञाच्या सिनेमांचे पहिले तीन भाग तोंडपाठ, पण पुढचे दोन ‘आठवण खराब नको’ म्हणून टाळलेले, असे चाहते नाशिकमध्ये बरेच भेटतात. आता मोठ्या पडद्यावर ते लागण्याची आशा नाही, म्हणजे घरचा टीव्ही आणि शनिवारची रात्र. त्यात २००८चा ‘क्रिस्टल स्कल’ लावायचा की २०२३चा ‘डायल ऑफ डेस्टिनी’? मी दोन्ही पाहिलेत, शेवट फोडत नाही.

बदनामी चौथ्याची जास्त झाली. शिशाच्या अस्तराच्या फ्रीजमध्ये बसून अणुस्फोटातून वाचणं, माकडांसोबत वेलींना लोंबकळणं, परग्रहावरच्यांसारखे दिसणारे पाहुणे. आक्षेप रास्तच आहेत. पण कथा १९५७ची आहे. पहिल्या भागांनी तीसच्या दशकातल्या साहसी मालिकांचा बाज उचलला होता, इथे पन्नासच्या दशकातल्या उडत्या तबकड्यांच्या सिनेमांचा उचललाय. हे आधी माहीत असेल तर पाहुणे फारसे खटकत नाहीत. माकडं मात्र तरीही खटकतात.

पाचव्यात मला खटकलं ते वेगळंच, आणि माझा कौल त्यावरच ठरला. सुरुवातीला १९४४ सालची रेल्वेगाडी आहे. संगणकाने इंडी झालेल्या हॅरिसन फोर्डचा चेहरा पंचेचाळिशीचा केलाय आणि काम सुंदर झालंय, स्थिर चित्रात तर शंकाही येत नाही. मग तो बोलतो. आवाज ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा, घोगरा, शब्दाशब्दाला दम लागलेला. गाडीच्या टपावरून धावताना पाय जपून पडतात आणि वर चेहरा तरणाबांड. एकदा हे लक्षात आलं की तो सगळा प्रसंग आपण इंडीला न पाहता चेहऱ्याची शिवण शोधत बसतो. त्यात सगळं रात्रीचं. साध्या एलईडी टीव्हीवर दिवे चालू असतील तर निम्मं चित्र काळ्यात जातं. ‘क्रिस्टल स्कल’मधला पासष्टीचा फोर्ड पासष्टीचाच दिसतो, आणि ठोसा मारतो तेव्हा तो लागल्यासारखा वाटतो.

पाठलागांतही तोच फरक. चौथ्यात कॉलेजच्या आवारात मोटरसायकल आहे. मागे बसलेल्या इंडीला रशियन हेर गाडीत ओढून घेतात, तो आत मारामारी करून दुसऱ्या खिडकीतून पुन्हा मोटरसायकलवर येतो. कोण कुठे आहे हे क्षणभरही सुटत नाही. शेवटी मोटरसायकल घसरत ग्रंथालयातल्या टेबलांखालून जाते, तिथला एक विद्यार्थी अभ्यासातली शंका विचारतो आणि इंडी धूळ झटकत उत्तर देतो. दिग्दर्शक स्पीलबर्ग असल्याचं इथे कळतं. पाचव्यात टँजियरच्या बोळांतून रिक्षा सुटतात. कल्पना झकास, मेनरोड-रविवार कारंजाच्या गर्दीत रिक्षा घातलेल्याला तर जास्तच भावेल. पण मागे लागणारे दोन टोळ्यांचे, कट भराभर, आणि मधल्या पाच मिनिटांत गोष्ट फारशी सरकत नाही. १५४ मिनिटांच्या सिनेमात हे जाणवतं. चौथा १२२ मिनिटांत आटोपतो.

कोड्यांच्या बाबतीत ‘डायल’ उजवा, हे मोकळेपणाने मान्य. ही डायल ज्यावर बेतली आहे ते अँटिकिथेराचं यंत्र खरं आहे, १९०१मध्ये ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून वर आलेलं, दातेरी चाकांचं. आर्किमिडीजशी लावलेला संबंध ओढूनताणून असला तरी शोधाच्या पायऱ्या नीट उलगडतात. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखासमोर रेंगाळणाऱ्याला मेणाच्या पाटीचा प्रसंग आवडेल. उलट चौथ्यात पेरूच्या कथेत माया संस्कृती बिनदिक्कत मिसळलीय, तिथे असा प्रेक्षक कपाळावर हात मारेल. पाचव्याची शेवटची काही मिनिटंही फार हळवी आहेत, फोर्डने जीव ओतलाय.

मुलं सोबत असतील तर चौथ्यात लाल मुंग्यांच्या प्रसंगाला डोळे झाकावे लागतील. पाचव्यात निरपराध माणसं थंडपणे गोळ्या घालून मारली जातात, ते मला जास्त जड वाटलं.

म्हणून एकच रात्र असेल तर माझ्या मते ‘क्रिस्टल स्कल’. आणखी एक व्यवहारी कारण आहे: इंडीची जुनी प्रेयसी मॅरियन आणि तिच्या मुलाबद्दल चौथ्यात जे घडतं, ते माहीत नसेल तर पाचव्याचा शेवट अर्धाच पोचतो. ‘डायल’ दुसऱ्या रात्री. तेव्हा खोलीत अंधार करा, टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद ठेवा, आणि हिंदी डब मिळत असेल तर रेल्वेगाडीचा प्रसंग हिंदीत पाहा. आवाज मुळातच दुसऱ्याचा असल्याने चेहऱ्याशी त्याचं भांडण उरत नाही. कथा न्यूयॉर्कला आली की इंग्रजीवर या.