जुन्या डी-५० चे बॉटम रोलर आणि पिन-बुश टर्निंग : एका पावसाळ्यानंतर

आमचा बीईएमएलचा जुना डी-५० डोझर सांगोला भागात डाळिंबाच्या रानांचं सपाटीकरण आणि शेततळ्यांचे बांध यावर चालतो. इंजिनाबद्दल लिहीत बसत नाही, चालवणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पैसा खातं ते खालचं काम, म्हणजे डोझर ज्यावर चालतो ती लोखंडी पट्ट्यांची चेन आणि तिचे रोलर. गेल्या उन्हाळ्यात चेन उतरवून पिन-बुश टर्निंग (चेनचे सांधे जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या, म्हणजे बुश, फिरवून बसवणं) करून घेतलं आणि बॉटम रोलर, म्हणजे चेनवरून फिरणारे खालचे रोलर, बाहेरच्या मेकचे बसवले. रोलर ओरिजिनलपेक्षा बरेच स्वस्त पडले. दिवाळीपर्यंत कुणी विचारलं तर मी बिनधास्त घ्या म्हणत होतो. आता तसं म्हणणार नाही.

डाव्या बाजूचा मधला रोलर जाम झाला. चेन त्याच्यावरून नुसती घासत गेली आणि रोलरला एका बाजूने सपाट चट्टा पडला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, चिखलात चालवलं की सील जाणारच." अहो, डोझर चिखलात नाही चालवायचा तर कुठे चालवायचा? वॉरंटी राहिली कागदावर.

रोलर खोलला. पत्रा, घडण, हार्डनिंग यात खोट नाही, बाकीच्या रोलरची झीजही बेताचीच आहे. सगळा घोटाळा रोलरमधलं तेल अडवणाऱ्या फ्लोटिंग सीलचा. दोन लोखंडी रिंगा एकमेकींवर तोंडाला तोंड लावून फिरतात आणि मागून दोन रबरी रिंगा त्यांना दाबून धरतात, एवढंच ते प्रकरण. चांगल्या सीलच्या तोंडावर आरशासारखी चकचकीत बारीक पट्टी दिसते, नवीन असताना बाहेरच्या कडेला, झिजेल तशी आत सरकत जाणारी. आमच्या सीलची पट्टी दोन ठिकाणी तुटलेली होती आणि रबर कडक पडलेलं, नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. तेल तिथूनच गेलं. तेल गेलं की रोलरच्या आतला बुश कोरडा चालतो, तापतो आणि धरतो. इतक्या छोट्या वस्तूत पैसे वाचवणाऱ्या कारखान्याचा मला मनापासून राग येतो.

आमचे ऑपरेटर मामा आता काम थांबलं की प्रत्येक रोलरजवळ हात नेऊन बघतात. बाकीच्यांपेक्षा एखादा जास्त तापलेला असेल किंवा कडेला तेलावर धूळ चिकटून काळी कड आली असेल, तर तो रोलर चाललाच म्हणायचा. काळ्या मातीत संध्याकाळी फावड्याने खालची माती काढावीच लागते. रात्रीत ती वाळली की सकाळी रोलर फिरत नाही, घासतो.

टर्निंगने मात्र मन जिंकलं. आमची चेन जुन्या पद्धतीची, कोरडी. तिचा बुश बाहेरून एकाच बाजूने झिजतो आणि पिनही एकाच अंगाने. प्रेसवर दोन्ही काढून अर्धा फेरा फिरवून परत दाबले की न झिजलेली बाजू कामाला येते आणि वाढलेला पिच (दोन पिनांमधलं अंतर) जवळपास मूळ मापावर येतो. नव्या चेनच्या मानाने खर्च किरकोळ. अट एकच, बुश तडकायच्या किंवा आरपार झिजायच्या आत नेलं पाहिजे, नंतर फिरवायला काही उरत नाही. आणि हे आयुष्यात एकदाच होतं. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात टोकदार झाले असतील तर तेही त्याच वेळी बदला, नाहीतर फिरवलेले बुश ते लगेच खातात. रिव्हर्समध्ये ही घासाघास जास्त होते, म्हणून मामांना सांगून ठेवलंय की रिकामं मागे येताना वेग कमी ठेवा.

चेन ताठ ठेवायची सवयही मोडली. टॉप रोलर (चेनची वरची बाजू पेलणारा) आणि आयडलर (पुढचं बिनदात्यांचं चाक) यांच्या मध्ये सरळ पट्टी धरून दोन-तीन सेंटिमीटर झोळ ठेवतो. चिखल भरल्यावर चेन आपोआप आवळते, म्हणून माप कामाच्या जागीच घ्यायचं. चेन ग्रीसच्या दाबाने ताणलेली असते; ढिली करताना त्याचा ग्रीस व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सोडायचा नाही आणि समोर तोंड न्यायचं नाही, आतलं ग्रीस भयंकर दाबाखाली असतं.

उरलेल्या रोलरसाठी ओरिजिनल सील मागवले आहेत. बॉडी चांगली आहे, ती टाकायची गरज नाही. सील बदलून, तेल भरायच्या आधी हवा भरून दाब टिकतो का ते माझ्यासमोर दाखवणार असेल, त्याच वर्कशॉपला काम देणार. तुम्हीही बाहेरचे रोलर घेणार असाल तर दुकानातच हवेची टेस्ट मागा. टेस्टला नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.