वेळासच्या कासवांच्या नावाखाली २६,५९९ रुपयांचा गंडा

आधी आकडे सांगते, कारण पोलीस चौकीत मला तेच पुन्हा पुन्हा विचारले आणि एकदाही नीट लिहून घेतले नाहीत. सहलीच्या बुकिंगचे १०,०००. दोन कॅमेऱ्यांच्या 'परवान्या'चे ३,६००. उरलेले ८,०००. आणि शेवटी 'रिफंड' म्हणून पाठवलेल्या क्यूआर कोडवर गेलेले ४,९९९. एकूण २६,५९९ रुपये.

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या, पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्लं बघायच्या सहलींचे मेसेज सुरू होतात. रात्री चांदणी चौकातून बस, ताम्हिणीतून खाली, गावात घरगुती मुक्काम. कितीतरी लोक जाऊन येतात, छान फोटो टाकतात. हा मेसेजही तसाच होता आणि आमच्या ओळखीच्या काकांनी पुढे पाठवलेला होता. माणशी ४,५०० म्हणजे खटकावं इतकं स्वस्तही नाही. मी, आमचे हे, सातवीतली मुलगी आणि धाकटे भाऊजी, चौघांचे १८,०००. "एवढं कसं कळलं नाही?" असं आता जे विचारतायत, त्यांनी स्वतःच्या मागच्या सहलीचे पैसे काय बघून भरले होते ते एकदा आठवावं.

पण एक गोष्ट अशी होती की ती मला दिसायलाच हवी होती, आणि तिच्यावरून अजून रात्री झोप लागत नाही. पोस्टरवरचा फोटो. कुणाच्या तरी तळहातावर ठेवलेलं पिल्लू. पाठ हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा, पायांना सुटी बोटं आणि टोकदार नखं. हे वेळासचं कासव असूच शकत नाही. तिथे अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले नावाचं समुद्री कासव. त्याचं पिल्लू काळपट करडं असतं आणि पायांच्या जागी वल्ह्यासारखे पसरट पर असतात. फोटोतलं होतं ते लाल कानाचं कासव, मूळ अमेरिकेतलं, गोड्या पाण्यातलं. मत्स्यालयाच्या दुकानात ते नाण्याएवढं असताना विकतात, आणि फूटभर वाढलं की लोक गुपचूप तळ्यात नेऊन सोडतात. भाऊजींच्या टाकीत हेच कासव होतं. मी मॅक्रो लेन्स लावून त्याचे फोटो काढलेत, तो लाल पट्टा जवळून टिपलाय. तरी मी त्या पोस्टरवर नजर फिरवली आणि खालचा नंबर सेव्ह केला. भाऊजींनीही बघितलं, तेही काही बोलले नाहीत. फोनवर एवढासा फोटो, त्यावर लाल-पिवळी अक्षरं, मार्चअखेरची कामं डोक्यावर. कोण निरखून बघतं?

फोटोच्या खाली लिहिलं होतं, "पिल्लू हातात घेऊन फोटो, हमखास." हमखास असं तिथे काही नसतं. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर ते ठरतं. हॅचरीत, म्हणजे अंडी जपून ठेवायच्या राखीव जागेत, घरट्यावर टोपली ठेवलेली असते, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पिल्लं आली असतील तर समुद्राच्या अलीकडे वाळूवर सोडतात, आपण दोरीच्या मागे उभं राहायचं. हातात कुणालाही देत नाहीत. फ्लॅश तर अजिबात मारायचा नाही, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यांची वाट चुकते. जो आयोजक 'हमखास' म्हणेल किंवा हातात देतो म्हणेल, त्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

कॅमेरा परवाना पीडीएफमध्ये आला. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का, कॅमेऱ्यामागे १,८०० रुपये. त्यावर 'वण्यजीव' असं छापलं होतं. मला ते खटकलं होतं, पण सरकारी कागदांवर अशा चुका आपण रोज बघतो. वनखात्याच्या नावाने कुणी व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागितले तर देऊ नका, १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर आधी विचारा.

शुक्रवारी रात्री साडेअकराची बस. आम्ही बॅगा, ट्रायपॉड घेऊन चांदणी चौकात. बारा वाजता "गाडी पंक्चर." एक वाजता "दहा मिनिटांत पोचतो." दीड वाजता "सहल रद्द, पूर्ण पैसे परत, हा क्यूआर स्कॅन करा." मुलगी बॅगेवर डोकं टेकून झोपली होती, थंडी होती, रिक्षा मिळत नव्हती. ह्यांनी स्कॅन केला आणि पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे ह्यांना माहीत नाही असं नाही. त्या वेळी सुचलं नाही.

सकाळी वेळासला ज्या घरी मुक्काम सांगितला होता तिथे फोन लावला. काकू म्हणाल्या, "अहो ताई, या नावाचं बुकिंगच नाही आमच्याकडे. तुमच्या आधी दोघांचे फोन येऊन गेले." म्हणजे आम्ही एकटे नव्हतो. घरमालकांना आधी थेट फोन करा, एवढं एक केलं असतं तरी पुरलं असतं.

मी सहलीच्या त्या आयोजकाला तक्रार करते म्हटल्यावर त्याने वेगळंच काढलं. त्याच्या ग्रुपवर 'घरी पाळायला स्टार कासव' असा एक मेसेज येऊन गेला होता, त्याखाली मी "हे वाढून केवढं होतं?" एवढंच विचारलं होतं. तो स्क्रीनशॉट पाठवून म्हणाला, "तुम्ही कासव विकत घेत होता, वनखात्याला देऊ का?" स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. मी विकत काहीही घेतलेलं नाही. घाबरून आणखी पैसे देणारे असतील, त्यांच्यासाठी लिहिते: देऊ नका, स्क्रीनशॉट आपणच जपून ठेवा.

आता यंत्रणेचं. चौकीत सांगितलं, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ऑनलाइन तक्रारीच्या पोर्टलवर टाका. पोर्टलवर टाकून पावती घेऊन परत गेले, तर म्हणे खातं परराज्यातलं, ही आमची हद्द नाही. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी हे म्हटल्यावर समोरच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" विचारलं. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. मग पहिल्या तीन रकमांचं काय, त्या तर फसवून घेतल्या? त्यावर फॉर्म. फॉर्म भरला, तर म्हणे एफआयआरची प्रत आणा. एफआयआर कोण देतंय? वनखात्याच्या एका कार्यालयात तो खोटा परवाना घेऊन गेले. तुमचा शिक्का वापरून लोकांना लुबाडतायत, हे तुमचंही काम आहे ना? उत्तर मिळालं, "शिक्का आमचा नाही, म्हणजे आमचा संबंध नाही." कागद ठेवूनसुद्धा घेतला नाही.

पैसे गेल्या-गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी सकाळपर्यंत थांबले, तोवर खातं रिकामं झालं होतं.

२००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि वेळासच्या गावकऱ्यांनी मिळून ही घरटी जपली. आधी अंडी चोरून विकली जायची, तिथे आज लोक दोरीमागे शिस्तीत उभे राहतात. त्या लोकांनी कमावलेला विश्वास हा भामटा चोरतोय, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे.

लाल पट्ट्याच्या पिल्लाचं पोस्टर तुमच्याकडे आलं असेल, पैसे भरले असतील, तर व्यवहाराचे तपशील आणि चॅट काढून ठेवा आणि मला कळवा. एकेकट्याला परत पाठवतात. आपण सगळे मिळून लेखी अर्ज घेऊन जाऊ, अर्जाच्या प्रतीवर पोच सही-शिक्क्यासह मागून घेऊ, आणि देत नाहीत तोवर तिथून उठायचं नाही.